हृदयविकाराच्या तातडीची सीएमई तालुक्यात घ्यायची तर: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सीएमई म्हणजे डॉक्टरांचं सतत चालू ठेवायचं शिक्षण, आणि तिचं चित्र ठरलेलं: रविवारची सकाळ, हॉटेलचा हॉल, शहरातून आलेले कार्डिओलॉजिस्ट, सत्तर स्लाइड आणि नंतर जेवण. हजेरीच्या वहीत सही झाली की क्रेडिट पॉइंटही मिळतात. पण सोमवारी त्याच तालुक्यातल्या कॅज्युअल्टीत ईसीजीसाठी छातीवर लावायचे व्ही-वन, व्ही-टूचे बल्ब पुन्हा दुसऱ्या बरगडीशेजारी लागतात आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला कमरेत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मिळतं. वक्त्याला दोष देऊन काही साधत नाही. तातडीचं काम हाताने आणि चमूने करायचं असतं, ते खुर्चीत बसून ऐकल्याने येत नाही.

हा लेख सीएमई घेणाऱ्यांसाठी आहे: आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) तालुका शाखेचे सचिव, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे अधीक्षक, आणि चार खाटांचं आयसीयू चालवणारे डॉक्टर. चोवीस माणसं आणि अर्धा दिवस एवढ्यात बसेल असा हा आराखडा आहे.

## १. विषय कापा

‘कार्डियाक इमर्जन्सी: अ‍ॅन अपडेट’ असं नाव दिलंत की हार्ट फेल्युअरची नवी औषधं, लिपिडच्या गाइडलाइन आणि शेवटी घाईघाईत सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं), असा सगळा बाजार त्यात शिरतो. फक्त दोन प्रसंग घ्या:

- छातीत दुखत आलेला, ईसीजीत एसटी हा भाग वर गेलेला पेशंट (स्टेमी, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेला): दारात आल्यापासून लायसिसची, म्हणजे गुठळी विरघळवायच्या औषधाची, सुई टोचेपर्यंत आणि पुढच्या गाडीत बसेपर्यंत.
- डोळ्यांसमोर कोसळलेला पेशंट: कोसळल्यापासून पहिल्या दहा मिनिटांपर्यंत.

पल्मनरी एडिमा, हार्ट ब्लॉक, व्हीटी हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी वेगळा रविवार ठेवा. अर्ध्या दिवसात तीन प्रसंग घेतले की एकाचाही सराव धड होत नाही.

## २. महिनाभर आधी: घड्याळ, अर्ज, माणसं

घड्याळ. आपल्याच हॉस्पिटलमधले मागचे आठ-दहा स्टेमीचे कागद काढा. प्रत्येकाच्या पाच वेळा लिहा: पेशंट दारात आला, ईसीजी निघाला, ईसीजी डॉक्टरने पाहिला, लायसिसची सुई टोचली, अ‍ॅम्ब्युलन्स सुटली. आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी आणि लायसिस करायचं तर ३० मिनिटांत सुई, हे उद्दिष्ट सगळ्यांना तोंडपाठ असतं. आपला वेळ नेमका कुठे जातो हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. कुठे केसपेपर काढण्यात जातो, कुठे ईसीजी टेक्निशियनला घरून बोलावण्यात, कुठे नातेवाइकांनी इंजेक्शनचे पैसे जमवण्यात. ज्या टप्प्यावर वेळ गळतो, तिथेच सरावाचा भर ठेवायचा.

> तपासा: ईसीजी मशीनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतंय का? बऱ्याच मशीनवर तारीखसुद्धा चुकीची असते. ते आधी लावून घ्या, नाहीतर वरच्या पाचपैकी एक आकडा खोटा ठरेल.

अर्ज. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या (एमएमसी) नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात, म्हणून डॉक्टर येतात हे उघड आहे. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अर्ज वेळेत टाका. अर्जातल्या कार्यक्रमपत्रिकेत स्टेशननिहाय सराव स्पष्ट लिहा. नुसतं ‘वर्कशॉप’ लिहून ऐनवेळी भाषणं वाढवायची सवय सोडा.

माणसं. तीन स्टेशनला तीन शिकवणारे लागतात: एक फिजिशियन किंवा कार्डिओलॉजिस्ट, एक भूलतज्ज्ञ, आणि तिसरी कॅज्युअल्टीतली अनुभवी सिस्टर. तिसऱ्या नावाला कार्यकारिणीत नाकं मुरडली जातात. पण लीड लावण्यातल्या आणि औषध भरण्यातल्या चुका तिने रोज पाहिलेल्या असतात, हॉलमधल्या इतर कोणापेक्षाही जास्त. पाहुण्या डॉक्टरांना बोलायला २० मिनिटं मिळतील, बाकी वेळ स्टेशनवर उभं राहायचंय, हे फोनवरच सांगून टाका.

इंडियन रिससिटेशन कौन्सिलचे प्रशिक्षक बहुतेक जिल्ह्यांत भूलतज्ज्ञांच्या संघटनेतून मिळतात. पुतळे त्यांच्याकडून मागवता येतात. दोन पुतळे लागतीलच, एकावर चोवीस जणांचा सराव होत नाही.

## ३. बोलवायचं कोणाला

चोवीस जागा डॉक्टरांनीच भरल्या की सराव लंगडा होतो. एका दवाखान्यातून तिघं यावेत: डॉक्टर, सिस्टर, आणि वॉर्डबॉय मामा किंवा मावशी. पेशंट कोसळतो तेव्हा ऑक्सिजन सिलिंडरची चावी मामांच्या खिशात असते.

१०८च्या अ‍ॅम्ब्युलन्सवरचे डॉक्टर आणि पायलट (चालक) यांनाही बोलवा. गाडीवरचे बरेच डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, त्यांना एमएमसीचं क्रेडिट मिळत नाही. तरीही त्यांची जागा राखा. लायसिस झालेला पेशंट दोन तास त्यांच्याच हातात असणार आहे.

## ४. आठवडाभर आधी: ट्रॉली आणि यंत्रं

हॉटेलचा हॉल रद्द करा आणि रुग्णालयातच घ्या. सराव आपल्याच ट्रॉलीवर, आपल्याच डिफिब्रिलेटरवर (शॉक देण्याच्या यंत्रावर) व्हायला हवा. पाहुण्यांनी आणलेल्या चकचकीत मशीनवर शिकलेली बटणं आपल्या मशीनवर दुसऱ्याच जागी असतात.

इमर्जन्सी ट्रॉलीचे कप्पे एकेक करून उघडा. यादीवर बरोबरची खूण करून पुढे जाऊ नका, वस्तू हातात घेऊन पाहा:

- लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का?
- अ‍ॅम्बू बॅगला (हाताने श्वास देण्याच्या फुग्याला) मास्क बसतो का, रिझर्व्हॉयर फाटलेली नाही ना?
- अ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅट्रोपिनचे एकसारखे दिसणारे अँप्युल एकाच खणात मिसळलेत का?
- डिफिब्रिलेटर भिंतीवरचा प्लग काढून, बॅटरीवर चार्ज होतो का? कंपनीने सांगितलेली सेल्फ टेस्ट करा.
- ईसीजीचा पेपर रोल, पॅडल्सचं जेल, छातीचे केस काढायला रेझर.
- टेनेक्टेप्लेस किंवा स्ट्रेप्टोकायनेज (लायसिसची औषधं) खरोखर आत आहे का, एक्स्पायरी काय, आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फार्मासिस्टकडे, ते आठला घरी जातात’ असं आलं, तर सीएमईच्या आधीच निम्मं काम झालं म्हणायचं.

> सावधान: सरावासाठी ट्रॉलीतली खरी औषधं फोडू नका आणि सरावाच्या पाण्याच्या व्हायल ट्रॉलीत परत जाऊ देऊ नका. सरावाच्या प्रत्येक व्हायलवर लाल पट्टी चिकटवा आणि शेवटी मोजून घ्या.

## ५. दिवसाची सुरुवात: सहा ईसीजी

९.३० म्हणजे ९.३०. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार हे सगळं जेवणाच्या वेळेला ढकला. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात सहा ईसीजी द्या. ते मूळ आकारात छापलेले आणि नावं खोडलेले असावेत. पानाखाली तीनच पर्याय: ‘लायसिसच्या तयारीला लागतो’, ‘लायसिस नाही’, ‘ईसीजी पुन्हा काढतो’. निदान लिहायला लावू नका, निर्णय विचारा.

निवड अशी करा: इन्फिरिअर (हृदयाच्या खालच्या भागाची) स्टेमी, व्ही-वन ते व्ही-थ्रीमध्ये एसटी खाली गेलेला पोस्टिरिअर (मागच्या भागाचा), तरुणाचं अर्ली रिपोलरायझेशन (एसटी वर दिसते, पण हार्ट अ‍ॅटॅक नसतो), पोटॅशियम वाढलेला, अगदी नॉर्मल, पण दुखणं चालू असलेला, आणि उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट्या लागलेला. शेवटच्यात लीड वन उलटं पडतं आणि एव्हीआर सरळ दिसतं. तो ओळखणारे कमी निघतात.

नॉर्मल ईसीजीवर बराच वाद होतो, तो होऊ द्या. दुखणं चालू आहे आणि पहिला ईसीजी नॉर्मल आहे, तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा, एवढं त्यातून निघालं की पुरे. ‘ईसीजी नॉर्मल, पित्त असेल’ म्हणून घरी पाठवलेला पेशंट प्रत्येक तालुक्यात एखादा तरी असतो.

यानंतर पाहुण्यांची २० मिनिटं. मग आठ-आठ जणांचे तीन गट करा, प्रत्येक स्टेशनला ४० मिनिटं द्या आणि शिट्टी वाजली की गट हलवा.

## ६. पहिलं स्टेशन: ईसीजी काढणं

वाचायला सगळे शिकवतात, काढायला कोणी शिकवत नाही. इथे पुतळा नको, तयार असलेला स्वयंसेवक घ्या. प्रत्येकाने बोटाने लुईचा कोन शोधायचा: गळ्याच्या खळगीतून छातीच्या हाडावरून खाली येताना बोटाला लागणारा आडवा उंचवटा. त्याला लागून दुसरी बरगडी असते. तिथून बरगड्यांमधल्या जागा मोजत चौथ्या जागेपर्यंत या. हाडाच्या उजव्या कडेला व्ही-वन, डाव्या कडेला व्ही-टू. मग पाचव्या जागेत, हासळीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर व्ही-फोर, आणि त्याच्या व व्ही-टूच्या मधोमध व्ही-थ्री. व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्स व्ही-फोरच्याच आडव्या पातळीत काखेकडे जातात, बरगडीच्या वळणाबरोबर वर चढत नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे: व्ही-थ्री हा व्ही-फोर लावल्यानंतरच. एक ते सहा अशा ओळीने लावत गेलं की अंतरं चुकतात.

नंतर इन्फिरिअर स्टेमी आहे असं सांगा आणि व्ही-फोर आर काढायला लावा. तीच वायर, तीच पातळी, पण छातीची उजवी बाजू. कागदावर पेनाने ‘व्ही-फोर आर’ लिहिल्याशिवाय तो कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) गेलं असेल आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली, तर प्रेशर कोसळतं. सिस्टोलिक ९०च्या खाली असेल तरी ती गोळी नाही. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तरी नाही. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारायचा, नाहीतर उत्तर ‘नाही’च येतं.

> तपासा: स्पीड २५, कॅलिब्रेशन १० मिमी. कागदावर नाव, तारीख, वेळ आणि ‘दुखत असताना’ की ‘थांबल्यावर’, हे लिहिलंय का?

## ७. दुसरं स्टेशन: लायसिसचं टेबल

टेबलावर कागदी पेशंट ठेवा आणि स्टॉपवॉच लावा. जोडीजोडीने करायचं, डॉक्टर आणि सिस्टर. क्रम असा:

अ. अंतराचा निर्णय. पहिल्या संपर्कापासून १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टीच्या खोलीत) वायर गुठळीच्या पार होणार असेल तर पाठवा. नसेल, दुखणं १२ तासांच्या आतलं असेल आणि अडसर नसेल, तर इथेच लायसिस. भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यात यावर चर्चाच नको. खरी फसगत शहराच्या कडेला होते. ‘४० किलोमीटर तर आहे’ म्हणून पाठवतात; गाडी येणं, ट्रॅफिक, तिथलं अ‍ॅडमिशन आणि टीम जमणं कोणी धरत नाही. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा.

आ. अडसरांची यादी मोठ्याने वाचणं. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात, मेंदूतली गाठ, डोक्याला अलीकडे मोठा मार, चालू रक्तस्राव, महाधमनी फाटल्याचा संशय. दोन्ही हातांचं बीपी घ्यायचं ते या शेवटच्यासाठी. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी उतरवा. यादी भिंतीवर लावा, आठवणीवर सोडू नका.

इ. संमती, दोन मिनिटांत. ही बोलून दाखवायला लावा. ‘गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे. जीव वाचण्याची शक्यता वाढते. साधारण शंभरात एकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उशीर होईल तसा फायदा कमी होतो.’ एवढं पुरे. ‘वरचे मोठे डॉक्टर ठरवतील’ असं म्हटलं की नातेवाईक फोनाफोनी सुरू करतात आणि अर्धा तास जातो.

ई. औषधं. अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ, शक्यतो कोटिंग नसलेली, चावून. क्लोपिडोग्रेल ३०० मिग्रॅ, वय ७५च्या वर असेल तर ७५. एनॉक्सापॅरिन ७५च्या आतल्यांना शिरेतून ३० मिग्रॅ आणि मग वजनाच्या किलोमागे १ मिग्रॅ त्वचेखाली. ७५च्या वरच्यांना शिरेतला डोस द्यायचा नाही आणि त्वचेखालचा किलोमागे ०.७५. ऑक्सिजन फक्त सॅच्युरेशन ९०च्या खाली असेल तर.

उ. टेनेक्टेप्लेस भरणं. ६० किलोच्या आत ३० मिग्रॅ, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. वय ७५ किंवा जास्त असेल तर निम्मा डोस. टेबलावर ७८ वर्षांची, ६२ किलोची आजी ठेवाच: ३५चे निम्मे, १७.५ मिग्रॅ. व्हायल मिलीला ५ मिग्रॅ अशी तयार होत असेल तर ३.५ मिली. हे गणित घाईत चुकतं, म्हणून दोघांनी वेगवेगळं करून जुळवायचं.

व्हायल हलवायची नाही, हळू फिरवायची. हलवली की फेस होतो. शिरेत डेक्स्ट्रोज चालू असेल तर औषधाचा साका धरतो. म्हणून आधी सलाइनने लाइन धुवा, औषध एका दमात पाच सेकंदांत द्या आणि पुन्हा सलाइन.

ऊ. गाडी. १०८ला फोन लायसिसचा निर्णय होताच, सुई टोचल्यावर नाही. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा. एसटी निम्म्याने तरी उतरली नसेल तर तातडीने रेस्क्यू अँजिओप्लास्टी. उतरली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी. म्हणजे पेशंटला पुढे जायचंच आहे, ‘बरं वाटलं की बघू’ नाही.

> सावधान: लायसिस होऊ शकणाऱ्या पेशंटच्या कमरेत किंवा दंडात कुठलंच इंजेक्शन नको. तिथे रक्ताची गाठ होते. शिवाय डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं हार्ट अ‍ॅटॅकमध्ये तशीही घातक. दुखणं मोठं असेल तर शिरेतून मॉर्फिन, मोजून.

## ८. तिसरं स्टेशन: दाबणं आणि शॉक

पुतळा जमिनीवर ठेवू नका, वॉर्डातल्या खाटेवर ठेवा, गादीसकट. मगच कळतं की गादीच खाली जाते आणि पाठीखाली फळी लागते. पाच फुटांच्या सिस्टरला उंच लोखंडी खाटेवर पायाखाली स्टूल लागतं. ते स्टूल कुठे असतं, हे त्याच दिवशी ठरवा.

मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाब आणि २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. प्रत्येकाने पूर्ण दोन मिनिटं दाबायचं. वीस सेकंदांचं प्रात्यक्षिक फोटोपुरतं असतं. दाब दीड मिनिटानंतर उथळ होतात आणि ते स्वतःला कळत नाही.

डिफिब्रिलेटरवर नेहमीच्या चार चुका घडवून आणून दाखवा:

1. सिंक मोड (ठोक्याशी जुळवून शॉक देणारा) चालू राहिलाय. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असताना, बटण दाबलं तरी शॉक जात नाही आणि सगळे मशीनकडे बघत बसतात.
2. जेल दोन पॅडल्सच्या मध्ये पसरलंय.
3. ऑक्सिजनचा मास्क छातीवरच वाहतोय.
4. चार्ज होईपर्यंत दाबणं थांबवलंय. चार्ज होताना दाबत राहायचं. शॉकपुरता थांबा आणि शॉकनंतर नाडी न बघता लगेच दाब.

बायफेजिक मशीनला १२० ते २०० ज्यूल, मशीनवर लिहिलंय त्याप्रमाणे, मोनोफेजिकला ३६०. अ‍ॅड्रेनालिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी. अ‍ॅट्रोपिन २०१० पासून अ‍ॅरेस्टच्या अल्गोरिदममध्ये नाही. सगळ्यांना सोडाबायकार्ब, कॅल्शियम, हायड्रोकॉर्टिसोन ही सवयीची पूजा बंद करा. ती चालू असताना छातीवरचे हात थांबलेले असतात.

## ९. मॉक ड्रिल

१२.३० च्या सुमारास खऱ्या कॅज्युअल्टीत. एक खाट राखून ठेवा, खरे पेशंट आले तर ड्रिल थांबेल हे सगळ्यांना आधीच सांगा. प्रसंग एकच: ५२ वर्षांचा शेतकरी, छातीत जळजळ, घाम, ईसीजी काढता काढता व्हीएफ. १२ मिनिटं प्रसंग, १२ मिनिटं चर्चा, प्रत्येक गटाचा एकदा.

सुरू होण्याआधी भूमिका वाटा: कोण दाबणार, कोण श्वास, कोण औषध, कोण वेळ लिहिणार, आणि पायाशी उभा राहून बोलणारा एक. हा बोलणारा स्वतः हात घालत नाही. सीनियर डॉक्टरना हे फार जड जातं. सुई मिळेना की तेच पुढे धावतात आणि मग वेळ कोणी सांगत नाही.

सूचना नाव घेऊन द्यायची: ‘कोणीतरी अ‍ॅड्रेनालिन भरा’ नाही, ‘सुनीता सिस्टर, अ‍ॅड्रेनालिन एक मिलिग्रॅम’. त्यावर सिस्टरने तेच परत म्हणायचं, आणि दिल्यावर ‘दिलं, १२.४१’ असं सांगायचं.

> तपासा: नोंद ठेवणाऱ्याच्या कागदावर सलग किती सेकंद दाबणं थांबलं? १० सेकंदांच्या वर गेलेला प्रत्येक थांबा वर्तुळात घ्या. बहुतेक थांबे नाडी चाचपण्यात आणि नळी घालण्यात जातात.

चर्चेत पहिली बारी मामा-मावशींची, मग सिस्टर, डॉक्टर शेवटी. उलटा क्रम लावला की खालचे गप्प राहतात. ‘काय चुकलं’ विचारू नका. ‘कुठे अडलं’ विचारा, आणि उत्तरादाखल वस्तू किंवा जागा सांगायला लावा: चावी सापडली नाही, स्टूल नव्हतं, फोन नंबर जुना होता.

## १०. नंतरचे तीन महिने

सर्टिफिकेट देण्याआधी सहापैकी तीन ईसीजी पुन्हा दाखवा, तेच पर्याय ठेवून. मग सर्टिफिकेट वाटा.

सीपीआरची हातोटी तीन ते सहा महिन्यांत ओसरते, म्हणून पुढची सीएमई वर्षाने घेऊन भागत नाही. पुतळा रुग्णालयातच ठेवून घ्या. महिन्यातून एकदा, ड्यूटी बदलताना, न सांगता पाच मिनिटांचं ड्रिल. रात्रपाळीला ते जास्त लागतं, कारण रात्री माणसं कमी असतात आणि कपाटाला कुलूप असतं.

चर्चेत निघालेल्या वस्तूंपुढे प्रत्येकी एक नाव आणि एक तारीख लिहून तो कागद अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा. पंधरा दिवसांनी ट्रॉलीपाशी जाऊन पाहा: स्टूल आलं का, टेनेक्टेप्लेसच्या कपाटाची दुसरी किल्ली कॅज्युअल्टीत आली का. आणि दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या त्या पाच वेळा पुढच्या प्रत्येक स्टेमीला केसपेपरवर लिहायला सुरुवात करा. त्यासाठी शंभर-दीडशे रुपयांचा एक रबरी शिक्का बनवून घेतला की सिस्टरचं लिहिणंही वाचतं.